उन्हाला घातलेल्या काचा

काकांच्या स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढायचा असेल तर घरून जेवून निघावं, असं समोरचा चहावाला लोकांना सांगायचा. "डब्बा साथ ले जाना भिया, अंदर टाइम लगता है." हे काकांच्या कानावर गेलं होतं. ते म्हणाले, "बरोबर सांगतो तो. उपाशी माणसाचा चेहरा ओढलेला येतो."

दुकान देवासला, टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. तिथे मी आठ वर्षं झाडलोट केली, पडदे धुतले आणि फोटो कापले. फोटो कापताना माझी कात्री सरळ चालते, एवढी एक गोष्ट मी स्वतःबद्दल न लाजता लिहू शकते. बाकीचं पुढे येईलच.

काकांचा कॅमेरा नवा होता, त्यांच्या पुण्याच्या मुलीने पाठवलेला. त्याच्यासोबत आलेली लेन्स मात्र त्यांनी खोक्यातून बाहेरसुद्धा काढली नाही. त्या लेन्सच्या पोटात बारीक मोटर असते म्हणे. माणूस समोर आला की ती आपणहून फिरते आणि चेहरा स्पष्ट करते. काकांनी कॅमेऱ्याच्या तोंडाला एक जाड कडं बसवलं आणि त्या कड्यात आपल्या जुन्या लेन्स पेचाने आवळल्या. या लेन्स माझ्यापेक्षा वयाने मोठ्या. त्यांना मोटर नाही, काही नाही. बोटांनी हळूहळू फिरवत चेहरा धुक्यातून बाहेर काढायचा, आणि केसभर पुढे गेलं की परत धुकं. नव्या कॅमेऱ्याला ही जुनी मंडळी ओळखता येत नसत. त्याच्या मागच्या स्क्रीनवर अक्षरं यायची, लेन्स लावलेली नाही. काका त्याची समजूत घालायचे, "लावली आहे रे. तुला दिसत नाही, त्याला मी काय करू?"

गिऱ्हाईक स्टुलावर अवघडून बसलेलं असायचं. काका एक डोळा मिटून लेन्स फिरवत असायचे. "अंकल, जल्दी कर दो, फारम की लास्ट डेट आज है." काका डोळा न काढता म्हणायचे, "आज तो शाम तक रहेगा. ठुड्डी नीचे." मग श्वास सोडायला लावायचे आणि सोडलेला परत घेऊ द्यायचे नाहीत. एक जाडजूड गृहस्थ तसेच श्वास सोडून बसले आणि लाल झाले, तेव्हा कुठे काकांनी बटण दाबलं. तो फोटो लायसन्सवर लागला. पोलिसाने थांबवलं की मी आधीच घाबरलेला दिसतो, त्यामुळे लवकर सोडतात, असं ते गृहस्थ नंतर सांगत होते.

लेन्स दोन होत्या. एक लांब, जड, लांबून चेहरा टिपणारी. दुसरी आखूड, कमी उजेडात चालणारी. आमच्या देवासला पूर्वी एकाच गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. काकांचे आजोबा थोरल्या पातीत कारकून होते. त्यामुळे लांब लेन्स थोरली पाती झाली आणि आखूड धाकटी. दोघींना एका खणात ठेवायचं नाही, असा नियम होता. मला तो कोणी सांगितला नव्हता. पहिल्याच आठवड्यात मी दोन्ही पुसून शेजारी शेजारी ठेवल्या. काकांनी खण उघडला, बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, तह झाला का?"

या नोकरीला मी लागले तीसुद्धा न बोलल्यामुळे. मी घरी साड्यांना फॉल लावायचं काम करायची. काकांचा काळा पडदा शिवून परत द्यायला गेले होते. ते दारात उभे राहून शर्टाचं बटण लावायला सुईत दोरा ओवत होते आणि दोरा सुईला सोडून सगळीकडे जात होता. मी सुई घेतली, ओवली, परत दिली. काका म्हणाले, "नजर चांगली आहे तुमची. उद्यापासून या." मला घरी काम आहे, असं सांगायचं होतं. पण ते सांगायला तोंड उघडावं लागलं असतं. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी जाणं सोपं वाटलं. चौथीनंतर शाळा सोडली तीही अशीच. पाचवीला हिंदी शाळा होती आणि तिथे उभं राहून उत्तर द्यावं लागतं, असं मैत्रिणीने सांगितलं. मी घरी बसून घेतलं.

उन्हाळ्यात काका लेन्स उन्हाला घालायचे. पावसाळ्याची ओल काचेच्या आत शिरते आणि तिथे बारीक जाळं धरतं, बुरशीचं. ऊन दिलं की ते मरतं. गच्चीवर काकूंच्या कुरडया वाळत असायच्या, त्याच जुन्या लुगड्यावर एका कडेला थोरली आणि धाकटी तोंड वर करून बसायच्या. कावळे हाकलायला मी. काकू म्हणायच्या, "लोकांकडे पापड-कुरडया वाळतात. आमच्याकडे संस्थानं वाळतात."

एका दुपारी जळका वास आला. मी कावळ्यांवर नजर ठेवून होते, लेन्सवर नव्हते. थोरलीच्या काचेतून ऊन खाली उतरलं होतं आणि लुगड्याला एक भोक पडलं होतं. सूर्य सरकला तसं शेजारी दुसरं, त्याच्या शेजारी तिसरं. एका रेषेत, टाके घातल्यासारखी. काकू वर आल्या आणि माझ्याकडे पाहू लागल्या. मी भोकांकडे पाहू लागले. तेवढ्यात काका आले, गुडघ्यावर बसले, एक भोक बोटाने चाचपलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "बघा, बघा किती बारीक. इतक्या वर्षांनीही फोकस जागच्या जागी आहे." काकू म्हणाल्या, "लुगडंही जागच्या जागी होतं हो, सकाळपर्यंत."

प्रत्येक फोटोनंतर काका कॅमेरा माझ्यापुढे धरून विचारायचे, "कसा?" मी म्हणायची, "छान." सुरुवातीला ते खरंच असायचं. काकांचा फोटो चांगला आला की डोळ्यातलं पाणी दिसायचं, पापणीचा एकेक केस मोजता यायचा आणि कानापासून मागे सगळं लोण्यासारखं मऊ होऊन जायचं. मला दुसरा शब्द सुचत नसे, आणि दुसरा लागतही नव्हता. पुढे लागला, तेव्हाही माझ्याकडे हा एकच होता.

दिवाळीच्या सुमाराची गोष्ट. कॅमेऱ्याची पाठ पुसताना माझ्या फडक्याने कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि स्क्रीनवर लाल रेघा उमटल्या. मला वाटलं, मोडला. तीन दिवस मी कोणाला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी लक्षात आलं की लेन्स फिरवली की रेघाही फिरतात. जी वस्तू स्पष्ट असेल तिच्या कडेला लाल किनार येते, साडीला काठ असावा तशी. किनार पापणीवर आली की फोटो चांगला. कॉलरवर आली की कॉलर चांगली. एवढं समजल्यावर मी स्वतःवर इतकी खूश झाले की काकांना सांगायचं राहूनच गेलं.

मग एकदा काकांनी कॅमेऱ्यावरून डोळा काढला. "बाई, काचेला कुंकू लागलंय का? लाल-लाल दिसतंय. काकूंनी हात लावला असेल. पुसा जरा."

मी पुसलं. त्यांनी परत डोळा लावला.

"आता बरं," ते म्हणाले.

रेघा तशाच होत्या. मागच्या स्क्रीनवर मला दिसत होत्या, गिऱ्हाइकाच्या कानावर.

त्या दिवशी मला कळलं की काकांना रेघ दिसत नाही, नुसता रंग दिसतो. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. मी काकूंना सांगायला हवं होतं. काकांना तर सांगायलाच हवं होतं. मी काय केलं, तर फडकं धुऊन वाळत घातलं. त्यानंतरही ते "कसा?" विचारत राहिले आणि मी कानाकडे, कॉलरकडे, मागच्या पडद्याकडे बघून "छान" म्हणत राहिले.

एक जण फोटो परत घेऊन आला. "अंकल, साइट फोटो ले ही नहीं रही. धुंधला बता रही है."

"साइट की आँख खराब है," काका म्हणाले आणि पुन्हा चार काढले. चारांतला एक लागला. ते खुशीत मला म्हणाले, "बघा, साइट सुधारली." मी मान हलवली. मान हलवण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

फाल्गुनात धारहून निरोप आला. तिथल्या एका ओळखीच्या घरात आजींचं सहस्रचंद्रदर्शन होतं, हजार पौर्णिमा पाहिल्याबद्दलचं औक्षण. याच घरच्या मुलाच्या लग्नात काकांनी फोटो काढले होते, रीळ घालायच्या कॅमेऱ्यावर पण याच धाकट्या पातीने. आजींनी सांगितलं होतं, दुसरा कोणी नको, त्यांनाच बोलवा. मला काकांनी पिशव्या धरायला नेलं.

घर भरलेलं होतं. आजी पाटावर, पाठीला उशी, गळ्यात हार, पांढरे केस घट्ट बांधलेले. समोरच्या परातीत कणकेचे दिवे, सूनबाई नथ घालून ओवाळायला उभ्या. काकांनी धाकटी लावली. दिव्यांचा उजेड कमी, त्यामुळे तिचं तोंड पूर्ण उघडलेलं. तसं उघडलं की नाक स्पष्ट आलं तर डोळे गेले, इतकी नाजूक गोष्ट. काका फिरवत होते. मी मागून स्क्रीनकडे पाहत होते. लाल किनार आजींच्या मागच्या खिडकीच्या गजांवर बसली होती. काकांनी बटण दाबलं.

"कसा?"

एवढी माणसं. जरीच्या साड्या. सगळे आमच्याकडे बघत होते.

"छान," मी म्हटलं.

त्यांनी तीस-चाळीस काढले. मग पंगत झाली. पुरणपोळी होती, मला दोन गेल्या. घशाखाली उतरायला नको होत्या, पण उतरल्या. तिसरीला मी नको म्हटलं ते पोट भरल्यामुळे. मनाला टोचणी लागली म्हणून म्हटलं असं लिहायचा मोह होतोय.

जेवणानंतर आजींनी मला जवळ बोलावलं. काका समोरच्या खुर्चीवर विडा चघळत होते. आजी म्हणाल्या, "इकडे या हो. मला त्या इवल्याशा स्क्रीनवर काही दिसत नाही. माझ्या मागे हाच फोटो लागायचाय, हार घालून. घरातले सगळे छान छानच म्हणतात, त्यांना माझी समजूत काढायची असते. तुम्ही परक्या. तुम्ही सांगा, मी नीट आलेय का?"

मी म्हटलं, "नाही आला." इतकं हळू म्हटलं की आजींनी "काय?" विचारलं आणि मला ते पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं. आयुष्यात एकदा खरं बोलायचं ठरवलं तर तेही दोनदा बोलावं लागलं.

काकांनी विडा चघळायचा थांबवला.

"काय नाही आलं?" आजींनी विचारलं.

"डोळे."

"मग स्पष्ट काय आहे?"

"मागच्या खिडकीचे गज."

"सगळ्या फोटोंत?"

"दोनांत सूनबाईंची नथ आहे."

सूनबाई म्हणाल्या, "नथ चांगली आलीय का?" आजींनी त्यांच्याकडे पाहिलं, तसा त्यांनी नथीवरचा हात खाली घेतला.

काकांनी चष्मा काढून हातात घेतला. "कधीपासून असं होतंय?"

धारच्या जमिनीने मला पोटात घेतलं तर बरं, असं वाटत होतं. "दिवाळीपासून."

"दिवाळीपासून मी तुम्हाला विचारतोय."

"हो."

ते चिडले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी नुसती मान हलवली, दोनदा, एखादा हिशेब जुळल्यासारखी. लेन्सकडे पाहिलं, तिला झाकण लावलं आणि उठून आजींसमोर उभे राहिले. "वहिनीसाहेब, मला दिसत नाही. मला माहीत होतं. मी मान्य करत नव्हतो, आणि या बाईंनी माझा मान ठेवला. तुमचा फोटो गेला त्यात."

सूनबाई म्हणाल्या, "आता औक्षण परत कसं करायचं? दिवे विझले, पाहुणे निघाले."

"औक्षण देवाने बघितलंय," आजी म्हणाल्या. "फोटो माझा काढायचाय, दिव्यांचा नाही. कुठे बसू ते सांगा."

काकांनी त्यांना मागच्या दाराशी, उंबऱ्याच्या आत खुर्चीवर बसवलं, तोंड अंगणाकडे. आम्ही बाहेर उन्हात, पाठीवर दुपार घेऊन. काकांनी कॅमेरा स्टँडवर चढवला, थोरली पाती लावली आणि बाजूला झाले. "बाई, तुम्ही फिरवा. बटण मी दाबतो."

इतकी वर्षं मी ती लेन्स पुसली होती, फिरवली कधी नव्हती. गार, जड, आणि इतकी गुळगुळीत फिरणारी की वाटलं तुपात बोट घातलंय. आजी धूसर होत्या. मग हार दिसला, मग हनुवटी. लाल किनार सुरकुत्यांवरून चढत चढत पापणीवर येऊन थांबली.

"आता," मी म्हटलं.

काही झालं नाही. आजींनी मान हलवली, किनार गेली.

काका म्हणाले, "म्हणा की."

"म्हटलं."

"मग मला ऐकू यायला नको का? मोठ्याने म्हणा. डोळे गेलेत, आता कानांची परीक्षा कशाला घेता?"

मी परत फिरवलं, परत "आता" म्हटलं. तेव्हा नेमका काकांचा अंगठा दुसऱ्याच बटणावर होता. आजी आमच्याकडे पाहत होत्या. "तुम्हा दोघांचा मिळून एक फोटोवाला होतो," त्या म्हणाल्या आणि त्यांना हसू फुटायला लागलं. मी ओरडले, "आता." अंगणातली कबुतरं उडाली. काकांनी दाबलं.

परतीच्या बसमध्ये इंदूरपर्यंत काका लेन्सची पिशवी मांडीवर धरून बसले होते. मी मनात नोकरी सोडून, परत फॉल लावायला बसून, जुन्या गिऱ्हाइकांकडे जाऊनही आले. इंदूरला बस बदलताना ते म्हणाले, "काकूंना सांगितलंत?"

"नाही."

"सांगू नका. मी सांगतो. त्यांना ते माझ्याकडून ऐकायला आवडेल. वाट पाहत असतील."

महिन्याभरात ऑपरेशन झालं, आधी एक डोळा, मग दुसरा. तोवर त्यांनी धारचा एकही फोटो छापला नाही. हिरवी पट्टी निघाल्यावर दुकानात आले, आधी भिंतींकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "हा रंग असा होता?" मग कॉम्प्युटर उघडून दिवाळीपासूनचे सगळे फोटो एकामागून एक पाहिले. मध्ये मध्ये माझ्याकडे बघत. मी कात्रीला धार नसल्यासारखी ती तपासत होते. ज्यांचे ज्यांचे फोटो पुसट आले होते त्यांना फोन करून त्यांनी बोलावलं, पुन्हा काढून देतो म्हणून. फार कोणी आलं नाही. एका मुलीच्या आईने तर साफ नाही सांगितलं. त्या फोटोवर सोयरीक जमली होती, आता स्पष्ट फोटो नको, म्हणाल्या.

शेवटी त्यांनी आजींचा तो फोटो उघडला आणि मोठा करत नेला. गाल, पापणी, मग नुसता डोळा. थांबले. "बाई, इकडे या. ही कोण?"

आजींच्या बुबुळात अंगणाचा उजेड चौकटीसारखा पडला होता आणि त्या चौकटीत दोन काळ्या आकृत्या होत्या. एक उंच, वाकलेली. दुसरी बुटकी, तिचा कोपर बाहेर आलेला, पदर खांद्यावरून घसरून लोंबत असलेला. मी सबंध दुपार त्या घरात अशी हिंडले आणि कोणी मला सांगितलं नाही.

"काढून टाकू?" काका म्हणाले. "दोन मिनिटांचं काम आहे. कोणाला कळणार नाही."

मी हो म्हणायला हवं होतं. मी घरच्या लग्नांतसुद्धा फोटोच्या वेळी स्वयंपाकघरात जाते.

"राहू द्या," मी म्हटलं. हळूच म्हटलं, पण काकांना ऐकू आलं.

दोन्ही फोटो मोठे करून आम्ही धारला दिले, दिव्यांचा पुसट आणि दाराशी काढलेला स्पष्ट. आजींनी भिंग घेऊन दोन्ही पाहिले. स्पष्ट फोटोवर त्यांचं भिंग बराच वेळ फिरलं, सुरकुतीवरून सुरकुतीवर. मग त्यांनी तो उलटा ठेवला. म्हणाल्या, "हा खरा आहे. हा मी गेल्यावर लावा, तेव्हा मला बघावा लागणार नाही. तोवर हा पुसटच लावा, ह्यात मी बरी दिसते."

आयुष्यातलं माझं एकमेव धाडस असं वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात गेलं. काका बसमध्ये हसत होते. म्हणाले, "दिवाळीपासून माझी कला बहरत होती म्हणायची."

त्यानंतर लेन्स तेच फिरवायचे. त्यांना स्वच्छ दिसत होतं, माझी गरज उरली नव्हती. याचं मला थोडं वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली. मी परत फोटो कापायला बसले.

काकांना जाऊन आता दोन वर्षं झाली. दोन्ही पाती मुलीने पुण्याला नेल्या. आजी अजून आहेत. सकाळी अंगणात चार फेऱ्या घालतात, सूनबाईंना अजून चुका दाखवतात. तो फोटो अजून कपाटात आहे, म्हणजे काका आणि मी अजून कपाटात आहोत. आजींना खूप आयुष्य लाभो. मला भिंतीवर जायची काही घाई नाही, आणि काकांना तर कधीच कसलीही नव्हती.